टी-पान्याचा दुसरा तुकडा

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली सीमेवरून कामठीला झाली. हुद्दा नायक, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, नाव गजभिये. माझं घर नागपुरातच, इंदोऱ्याला. घरापासून काही मैलांवर पोस्टिंग म्हणजे फौजेत लॉटरीच, म्हणून ऑर्डर आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडून मिठाई उकळली. मी मात्र वैतागलो होतो. सीमेवर रोज काहीतरी घडायचं. इथं पावणेसहाला पीटी, आठला वर्कशॉप, एकला लंगर, चारला गेम्स. मला मुळात एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे.

वर्कशॉप लहान होतं. चार मेकॅनिक, वर सुभेदार साहेब, केरळचे, कमी बोलणारे. शेडच्या टोकाला टूल स्टोअरची खिडकी होती आणि त्या खिडकीमागे नायक पंढरी मेश्राम बसायचा. तोही इंदोऱ्याचा. आमच्या बापांनी एकाच दिवशी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, पोरांची नावं मात्र जुनीच राहिली. पंढरी बुटका, गोल, आणि स्टोअरमधल्या टूल्सच्या बाबतीत महाकंजूष. एखादा पाना हातातून सोडताना त्याला जणू पोटच्या पोरीची पाठवणी करायची असायची.

स्टोअरचा नियम साधा होता. तुटलेलं टूल जमा करा, नवं न्या. सगळ्या स्टोअर्समध्ये असाच असतो. पण दुसरीकडे तुटक्या पान्याचं एक टोक दाखवलं तरी चालून जातं. पंढरीला दोन्ही तुकडे लागायचे. तो ते हातात घ्यायचा, तुटलेल्या कडा एकमेकींना लावायचा, उजेडाकडे धरून पाहायचा. फट दिसली नाही की मान हलवून म्हणायचा, "जमा झाले." मग कपाटाकडे वळायचा.

एका रविवारी त्यानं मला घरी जेवायला नेलं. त्याची बायको सुशीला वाढत होती. मी सहज म्हणालो, "वहिनी, हा स्टोअरमध्ये लय छळते आमाले." ती हसली.

"घरी का कमी हाय का भाऊजी? कप फुटला तं आधी फुटलेला कान दाखवा लागते. मंग नवा आणते."

"मंग काय चुकलं?" पंढरी म्हणाला. "नाही तं रोज एक कप फुटन."

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो.

जुलैमध्ये आमच्या एका जीपचं मागचं चाक कामठी रोडवर निखळलं. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन बसली, कोणाला काही झालं नाही, पण चाक एकटंच पुढं पळत गेलं आणि समोरून येणाऱ्या कमांडिंग ऑफिसरच्या गाडीला सलामी देऊन नालीत पडलं. नट ढिले राहिले होते. ते चाक मी बसवलं होतं. सगळी कंपनी हसली. मला सात दिवस पिठ्ठू मिळाला, म्हणजे पाठीवर भरलेली पॅक घेऊन मैदानाला चकरा. पळण्याचं मला काही वाटलं नाही. हसण्याचं वाटलं.

आठव्या दिवसापासून मी व्हील स्पॅनरच्या दांड्यात अडीच फुटी पाण्याचा पाइप घालायला लागलो आणि प्रत्येक नट कसून झाला की त्या पाइपवर दोन्ही पायांनी उभा राहायचो. एकदा नाही, दोनदा. नट कुरकुरला की मला बरं वाटायचं. चाकाचा नट स्पॅनरच्या स्वतःच्या दांड्यानं, हाताच्या जोरानं कसायचा असतो. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं आणि मी स्वतः दुसऱ्यांना शिकवत होतो.

पंढरी खिडकीतून बघायचा.

"काय करून राहिला गा? नट कसून राहिला का गाडी जमिनीत रोवून राहिला?"

"आता निघून तं दाखवो एखादं चाक."

"निघणार नाही. तुह्या बापाच्यानंही निघणार नाही. पण पंक्चर झाली तं खोलन कोण?"

"जो असन तो."

"कसणारा येगळा अन् खोलणारा येगळा असला तं मजा असते. येथं दोन्ही तूच हायेस बे."

मी पाइपवरून उतरलो नाही. पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला जीप ॲम्ब्युलन्स आली. तिची चारही चाकं मीच बसवली. पाचही नट, चारही चाकं, दोन्ही पाय.

ऑगस्टच्या शेवटी चार दिवस धारेनं पाऊस पडला आणि कुहीकडची गावं पाण्यात अडकली. आमच्या तुकडीला मदतीचा हुकूम आला. तीन ट्रक, दोन बोटी, एक ॲम्ब्युलन्स. दोर, टूल्स आणि कंदील सांभाळायला पंढरी होता. आम्ही एका शाळेच्या आवारात तंबू ठोकले. दोन दिवस बोटी जात-येत राहिल्या. म्हाताऱ्या बाया, शेळ्या, धान्याची पोती, एक शिवण मशीन, सगळं बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. त्या दिवशी सकाळी सुभेदार साहेब पहिल्यांदा हसले.

अकरा चाळीसला बोटीसाठी जादा दोर हवा होता. पंढरी स्टोअरच्या तंबूत गेला आणि दोराच्या वेटोळ्यात हात घातला. साप आत होता. पुरातून सुकी जागा शोधत आला असावा. त्यानं मनगटाच्या वर चावा घेतला. पंढरी बाहेर आला, हात पुढं धरला आणि म्हणाला, "नाग होता. फणा पायला म्या."

ॲम्ब्युलन्सबरोबर नर्सिंग असिस्टंट होता, जोसेफ. त्यानं हात बांधला, पंढरीला स्ट्रेचरवर आडवा केला. सापाच्या विषावरची लस आमच्याजवळ नव्हती. ती कामठीच्या हॉस्पिटलात होती. मी वायरलेसच्या तंबूपाशी उभा होतो.

"कॅज्युअल्टी वन. स्नेक बाइट. ॲम्ब्युलन्स रवाना ग्यारह पचपन. ओव्हर."

"रॉजर. हॉस्पिटल को बता रहे हैं. आउट."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "गजभिये, तू साथ जा. गाड़ी तेरी बनाई हुई है. रास्ते में रुकनी नहीं चाहिए."

"जी साब."

ड्रायव्हर लान्स नायक बलबीर होता, हरियाणाचा, गाडी जपून आणि वेगानं चालवणारा. मी त्याच्या शेजारी. मागे स्ट्रेचरवर पंढरी आणि जोसेफ. पंढरी सुरुवातीला बोलत होता. स्टोअरच्या तंबूला कुलूप लावलं का, असं त्यानं मला दोनदा विचारलं. मग त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या. जोसेफनं माझ्याकडे बघून नुसतं घड्याळावर बोट ठेवलं.

रस्ता खचलेला होता म्हणून सिव्हिल गाड्यांना बंद केलेला होता. एरवी कळमन्याच्या बाजारात धान्य नेणारे ट्रक एकामागे एक असतात. त्या दिवशी कुत्रंही नव्हतं. बारा पंचवीसला मागचं उजवं टायर बसलं.

बलबीर म्हणाला, "उस्ताद, रिम पे ही खींच लेते हैं."

पुढं फर्लांगभर काळ्या मातीतून काढलेला वळणरस्ता होता. बसलेल्या टायरवर गाडी त्यात रुतली असती आणि मग कोणीच काढू शकलं नसतं. मी म्हणालो, "नाही. पाच मिनिटांचं काम आहे. मी बदलतो."

हे चूक नव्हतं. आजही हे चूक नव्हतं असंच मी म्हणेन. चाक बदलायला मला चार मिनिटं लागायची.

मी स्पॅनर लावला आणि जोर दिला. नट हलला नाही. पाइप घातला. बलबीर आणि मी दोघं लोंबकळलो. स्पॅनरचं तोंड फाकलं आणि नटाच्या कडा घासून गोल झाल्या. त्या क्षणी मला आठवलं, ह्या नटावर मी दोनदा उभा राहिलो होतो.

टूलबॉक्समधून टी-पाना काढला. इंग्रजी टी अक्षरासारखा, खाली नटावर बसणारी गोटी, म्हणजे सॉकेट, वर आडवा दांडा. दुसऱ्या नटावर बसवला. आडव्या दांड्याच्या एका हातात पाइप घातला आणि दोघांनी मिळून हिसका दिला. बंदुकीसारखा आवाज झाला. दांड्याचा तो हात मुळापासून तुटला. पाइप रस्त्यावर आदळला, आणि पाइपातून सुटलेला दीड वितीचा तुकडा उडून धानाच्या बांधीत, खाचराच्या पाण्यात पडला. मी तोंडावर आपटलो. ओठ फुटला.

मागच्या उघड्या दारातून पंढरीचा आवाज आला. जीभ जड झाली होती, शब्द ओढून काढत होता.

"तुटलं का गा?"

"हो."

"दोन्ही... तुकडे आणजो. नाही तं... नवं भेटणार नाही."

मी हसलो. खरंच हसलो. रक्त पुसत, त्या चाकाशी बसून हसलो. जोसेफनं माझ्याकडे असं पाहिलं की हसू तिथंच मेलं.

बारा चाळीस. आता नट कापण्याशिवाय इलाज नव्हता. छिन्नी लावली, हातोडी मारली. सहाव्या घावाला छिन्नीचं टोक उडालं. दुसरी छिन्नी होती पण माझी हातोडी हलकी होती. बांधीतून एक शेतकरी धावत आला, रामाजी त्याचं नाव, पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काय झालं जी?"

"नट निघत नाही. आत माणसाले साप चावला."

"काहून निघत नाही?"

मी दुसरी छिन्नी लावून हलकी हातोडी मारत राहिलो. तो परत पळाला आणि घरून घण घेऊन आला. मी छिन्नी धरली, बलबीरनं घण मारला. एक घाव माझ्या अंगठ्यावर बसला, तो अजून वाकडा आहे. पहिला नट फुटला बारा पन्नासला. दुसरा बारा पंचावन्नला. प्रत्येक नटाला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत मागून पंढरीच्या घशातली घरघर ऐकू येत होती, मग तीही थांबली आणि जोसेफ तोंडानं श्वास देतोय हे ऐकू येऊ लागलं. तो मोजत होता. फुंकायचा आणि मोजायचा. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडणार?

एक दहाला चाक निघालं. दोन बोल्टांचे आटे छिन्नीनं गेले होते. उरलेल्या तिन्हींवर जवळचे नवे नट लावले. तिसरा नट कसताना माझा हात थांबला. किती कसू, हेच कळेना. ढिला राहिला तर चाक निघेल, आणि जास्त कसला तर, तर काय होतं ते समोर होतं. बलबीर ओरडला, "बस कर उस्ताद, चल!"

दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही हॉस्पिटलला पोचलो. स्ट्रेचर घ्यायला चार जण बाहेरच उभे होते. दोन वीसला डॉक्टर बाहेर आले. पंढरी गेला होता.

मी गाडीपाशी गेलो आणि पुढच्या एका चाकाचा नट खोलून पाहिला. निघाला नाही.

चौकशी झाली. मेजर साहेबांनी विचारलं, "नट कोणी कसले?"

"मी, साब."

"पाइप लावून?"

"पाइप लावून, उभं राहून."

डॉक्टरांना विचारलं, पाऊण तास आधी आले असते तर वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, "कदाचित." लिहिताना तो एकच शब्द लिहिला. मला कडक ताकीद मिळाली आणि सहा महिने बढती थांबली. मला आणखी काही मिळायला हवं होतं, पण नियमात तेवढंच होतं. सुभेदार साहेबांनी वर्कशॉपमधला तो पाइप स्वतः उचलून नेला. पुन्हा तो कोणाला दिसला नाही.

टूल स्टोअरच्या खिडकीत नवा माणूस बसला होता. मी फाकलेला स्पॅनर ठेवला, छिन्नीचे दोन तुकडे ठेवले, आणि हात तुटलेला टी-पाना ठेवला. तो म्हणाला, "चलेगा, दूसरा पीस छोड़ो, नया ले जाओ." मी टी-पाना परत उचलला. म्हणालो, हरवला लिही. सुभेदार साहेबांनी न विचारता सही केली.

पंढरीच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या दिवसाच्या विधीला, मी गेलो आणि सगळ्यांच्या मागे बसलो. सुशीला वहिनींसमोर गेलो नाही. पंढरी साप चावून गेला, एवढंच त्यांना कळवलेलं होतं. ते खोटं नव्हतं. ते पुरतं खरंही नव्हतं, आणि उरलेलं माझ्याजवळ होतं.

काही वर्षांनी हवालदार होऊन मी निवृत्त झालो. बुटीबोरीला कारखाने उभे राहत होते, तिथल्या एका ट्रकवाल्याच्या गॅरेजात लागलो. एका जागी न बसण्याची माझी आधीच वाईट असलेली सवय आणखी बिघडली होती. रस्त्यात उभी कोणाचीही गाडी दिसली की मी वाकून नट बघायचो. सीताबर्डीवर एका सेठनं मला चाकचोर समजून कॉलर धरली. बायको म्हणायची, तुम्हाला लग्नातसुद्धा जेवायला बसवत नाही, बाहेर गाड्या मोजत फिरता. तिचं खरं होतं. मला बसलं की ती घरघर ऐकू यायची. हिंडत राहिलं की कमी यायची.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी मी कुहीची एसटी धरायचो. त्या वळणापाशी उतरायचो. बांधीत पाणी नसेल तेव्हा बांधावरून हिंडायचो, पायानं ढेकळं उलटायचो. रामाजीनं मला ओळखलं होतं. तो काही विचारायचा नाही. पहिल्या खेपेला फक्त म्हणाला, "तो माणूस?" मी मान हलवली. त्यानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं.

सात-आठ वर्षं अशीच गेली. एकदा उन्हाळ्यात गेलो तर रामाजी थकून खाटेवर होता. त्याच्या सुनेनं मला पाणी दिलं. अंगणात एक शेळी बांधलेली होती. खुंटी लोखंडाची होती. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि गुडघ्यावर बसलो.

"काय पाहून राहिले जी?" सून म्हणाली. "नांगरात लागलं थे. दोन सालं झाले."

"मले पायजे हे."

"शेळी कायले बांधू मंग?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजातून एक चांगली सळई टोक काढून, वर कडी वळवून घेऊन गेलो. रामाजी खाटेवरून म्हणाला, "देऊन टाक वं त्याले. लय दिवसाचा शोधून राहिला थो."

तिथून मी सरळ इंदोऱ्याला गेलो. दुपारची वेळ होती. सुशीला वहिनी बालवाडीत मदतनीस होत्या, नुकत्याच घरी आल्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाल्या. मी बसलो नाही.

"वहिनी, त्या दिवशी गाडी पंक्चर झाली होती. चाक खोलाले पाऊण तास लागला. ते नट मीनंच कसले होते. पंढरीनं मले आधीच सांगतलं होतं, इतके कसू नोको म्हणून. मी आयकलं नाही. पिशवीत त्या दिवशीचा पाना हाय, तुटलेला. त्यानं सांगतलं होतं, दोन्ही तुकडे आणजो."

एवढं मी एका दमात बोललो. घरी आरशासमोर बरंच काही ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बोलत होते का तवा? शेवटी?"

"हो. हेच बोलले. मंग नाही बोलले."

"माह्या नावाचं काही?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढं केला. मी पिशवी उलटी केली. एक टी-पाना, एका हातानं लुळा, मी तेल लावून ठेवलेला. आणि एक गंजका तुकडा, मधोमध शेळीच्या दाव्यानं घासून चकचकीत झालेला. वहिनींनी दोन्ही उचलले. तुटलेल्या कडा एकमेकींना लावल्या. एका बाजूनं जुळेना, तेव्हा तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूनं लावला. मग दाराकडे वळून उजेडाकडे धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं. अगदी तसंच. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"जमा झाले, भाऊजी," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते दोन्ही तुकडे पंढरीच्या काळ्या ट्रंकेत, त्याच्या गणवेशाखाली ठेवले आणि ट्रंकेचं झाकण लावलं. पाठमोऱ्याच उभ्या राहून म्हणाल्या, "पण नवं मांगू नोका. माह्यापाशी नाही."

मग त्यांनी चहा टाकला. मी खाली चटईवर बसलो आणि चहा संपेपर्यंत उठलो नाही.